"कोण म्हणतं?" : प्रबंधातल्या तळटीपा आणि माझे आठ महिने

नोव्हेंबर २०२५ मध्ये माझ्या पीएचडीचं नोटिफिकेशन, म्हणजे पदवी मिळाल्याचं विद्यापीठाचं पत्र, आलं. शाळेतली नोकरी, घर, दोन मुलं सांभाळून साडेसहा वर्षं लागली. त्यातली बरीचशी कशी गेली ते आता आठवत पण नाही, पण प्रबंध सादर करण्याआधीचे शेवटचे आठ महिने मात्र तारखांसकट आठवतात, कारण ते आठ महिने मी एकाच प्रश्नात अडकले होते. कुठल्या वाक्याला संदर्भ द्यायचा आणि कुठलं वाक्य "हे तर सगळ्यांना माहितीच आहे" म्हणून तसंच सोडायचं? पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, झाली, कोर्सवर्क झालं, दर सहा महिन्यांनी आरएसीसमोर, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर, जाऊन आले, पण हे कोणी बसून शिकवलं नव्हतं. कोर्सवर्कमध्ये त्यावर एक तास झाला होता, त्यात "सर्वज्ञात माहितीला संदर्भ लागत नाही" एवढं एक वाक्य वहीत उतरवून घेतलं. सर्वज्ञात म्हणजे नक्की कोणाला ज्ञात, हे विचारायचं तेव्हा सुचलंच नाही.

माझा विषय होता गोदावरीचे पूर आणि नाशिक शहर, १९६९ ते २०१९. इतिहासाचा प्रबंध, मराठीतून, म्हणून तळटीपा. तुमच्याकडे एपीए पद्धतीने कंसात नाव आणि साल द्यायचं असेल तरी खालचं सगळं तुम्हाला उपयोगी पडेल, कारण संदर्भ कसा लिहायचा ते बदलतं, कुठे लागतो ते बदलत नाही.

३ जून २०२४ ला सहाही प्रकरणं प्रिंट काढून माझ्या गाईड सरांकडे दिली. ३१२ पानं, एकाच बाजूला, कारण सर मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात. दीड रुपया पानाप्रमाणे ४६८ रुपये झाले. सर म्हणाले पंधरा दिवसांनी या, प्रत्यक्षात २७ जूनला परत मिळालं. मी केबिनमध्ये उघडून बघितलं नाही, रिक्षात पण नाही, घरी येऊन कुकर लावून मग पहिलं प्रकरण काढलं. लाल पेनाने समासात ५३ ठिकाणी "कोण म्हणतं?" आणि त्याच प्रकरणात निळ्या पेनाने १९ ठिकाणी "हे कशाला?". म्हणजे जिथे संदर्भ हवा तिथे मी दिला नव्हता आणि जिथे नको तिथे भरभरून दिला होता. त्या रात्री मला खरंच वाटलं की हे आपल्याच्याने होणार नाही.

निळ्या खुणा आधी बघितल्या कारण त्या सोप्या होत्या. "गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते" ह्याला मी एका पुस्तकाची टीप दिलेली. "नाशिकला दर बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो" ह्याला टीप. "क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी" ह्याला तर दोन टीपा. हे मी भीतीने केलं होतं, कोणी चोरी म्हणू नये म्हणून दिसेल त्या वाक्याला आकडा चिकटवत गेले. दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, ब्रह्मगिरीला टीप दिलीत तर वाचक तुमच्या टीपा बघणंच सोडून देईल, आणि मग जिथे तुम्ही महिनाभर दप्तरं चाळून काही शोधलंय ती टीप पण त्याच गर्दीत जाईल." व्याख्या, एककं, नकाशात दिसणाऱ्या गोष्टी, कुठल्याही कोशात सारख्याच सापडणाऱ्या आणि ज्यावर कोणी भांडत नाही अशा तारखा, ह्यांना टीप नको. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, ह्याला नको. पण त्या दिवशी किती लोक आले होते हे लिहिलंत की लगेच हवी, कारण ती संख्या कोणीतरी मोजलेली किंवा अंदाजाने सांगितलेली असते. एकाच वाक्यातल्या अर्ध्या भागाला लागते आणि अर्ध्याला लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता लाल खुणा. त्यातली एक सविस्तर सांगते, कारण माझे जवळजवळ तीन आठवडे तिच्यात गेले.

मी लिहिलं होतं, "गंगापूर धरण हे आशियातलं पहिलं मातीचं धरण आहे." हे धरण नाशिकच्या वरच्या बाजूला गोदावरीवर आहे. नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला ह्यात काही विचारण्यासारखं वाटतच नाही, शाळेच्या सहलीला गेलो तेव्हा बाईंनी हेच सांगितलं आणि मी स्वतः माझ्या वर्गाला कितीतरी वर्षं हेच सांगत आले. समासात "कोण म्हणतं?". मी नेटवर वाचलं होतं की एखादी माहिती पाच वेगवेगळ्या ठिकाणी संदर्भाशिवाय सापडली तर ती सर्वज्ञात धरायची. म्हटलं चला, पाच शोधू. सात सापडल्या! स्पर्धा परीक्षेचं गाईड, पर्यटनाचं पत्रक, एक स्मरणिका, वर्तमानपत्रातले दोन लेख, एक वेबसाइट आणि एक छापील पुस्तक. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून ८ जुलैला सरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी शांतपणे सगळ्या बघितल्या आणि विचारलं, "ह्या सातांपैकी एकाने तरी कुठून घेतलं ते लिहिलंय का?" कोणीच नव्हतं लिहिलं. मग ते म्हणाले, "श्रीलंकेत मातीचे बांध घालून केलेले तलाव हजार वर्षांहून जुने आहेत, नंतरचा पराक्रम समुद्र तलाव पण बाराव्या शतकातला. ते आशियात नाहीत का?"

मी गप्प. सात ठिकाणी असलेली माहिती म्हणजे कदाचित एकाने लिहिलेलं सहा जणांनी उचललेलं, आणि आता मी आठवी. पाचाचा नियम वाईट नाही, पण ती पाच ठिकाणं एकमेकांकडे न बघता लिहिलेली असायला हवीत आणि त्यातलं निदान एक असं हवं ज्याला चुकलं तर जाब द्यावा लागतो. त्यानंतर मी सगळ्या प्रबंधात "पहिलं", "सर्वात मोठं", "एकमेव", "सर्वात जुनं" हे शब्द शोधून काढले, २६ निघाले. त्यातले ९ पक्क्या संदर्भासह ठेवले, बाकी काढून टाकले. गंगापूरचं वाक्य आता एवढंच आहे की ते मातीचं धरण आहे आणि १९६५ साली पूर्ण झालं. वर्गात पण आता मी तेवढंच सांगते.

आकड्यांचं तर असं की तिथे डोकं चालवायचंच नाही, संदर्भ द्यायचा. मी गोदावरीची लांबी १४६५ किलोमीटर लिहिली होती आणि वाटलं भूगोलाच्या पुस्तकातला आकडा, ह्याला कशाला टीप. पण तेव्हाच्या एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात सुमारे १५०० होतं आणि अकरावीच्या पुस्तकात १४६५. दोन्ही बरोबरच, एक अंदाजे आणि एक नेमका, पण वाचकाने दुसरा आकडा वाचलेला असेल तर तुमचा कुठून आला हे त्याला कळायला नको का? "भारतातली गंगेनंतरची सर्वात लांब नदी" हे मात्र टीपेशिवाय ठेवलं, सरांनी पण काही म्हटलं नाही.

आणि एक लाल खूण अशी होती की ती बघून मला रागच आला होता. वाक्य होतं, "धरणातून पाणी सोडल्यामुळे शहरात पूर येतो." अहो हे तर नाशिकमधलं शेंबडं पोर पण सांगेल, पावसाळ्यात रोज पेपरात येतं की गंगापूरमधून इतके क्युसेक सोडले. पण नीट बघितलं तर पेपरातच दोन आकडे वेगवेगळे असतात, गंगापूर धरणातून किती आणि खाली शहरातल्या होळकर पुलाखाली किती, आणि दुसरा मोठा असतो, कारण धरणाच्या खाली शहराचा आणि आसपासचा पाऊस नाल्यांमधून नदीत येतच असतो. दहीपूल, सराफ बाजार भागात पाणी साचायला तर शहरातलाच जोरदार पाऊस पुरतो. म्हणजे माझं वाक्य माहिती नव्हतीच, तो एक दावा होता, कशामुळे काय झालं हे सांगणारा, आणि त्यावर लोकांचं एकमत पण नाही. सर्वांना माहिती असणं आणि सर्वांचं मत असणं ह्यात मी गल्लत करत होते. ते एक वाक्य काढून तिथे शेवटी साडेचार पानं आणि १७ टीपा आल्या, आणि माझ्या मते प्रबंधातला तो सगळ्यात चांगला भाग झाला.

जुलैच्या शेवटी सॉफ्टवेअरची पहिली तपासणी, म्हणजे प्रबंधातला किती टक्के मजकूर दुसरीकडच्या मजकुराशी जुळतो ते बघणं. ग्रंथालयात अर्ज द्यायचा, त्यावर गाईडची सही, सॉफ्ट कॉपी वर्ड आणि पीडीएफ दोन्ही, पहिली तपासणी फुकट आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०० रुपये. ९ दिवस लागले. रिपोर्ट आला २७ टक्के. माझे हातपाय गार पडले, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० मध्ये असेल तर दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष देता येत नाही आणि ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. ग्रंथालयातल्या एका ताईंनी सांगितलं घाबरू नका, अवतरणं आणि संदर्भसूची वगळून काढलाय का बघा. वगळलेलं नव्हतं! नियमातच आहे की योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे सगळं वगळायचं. परत काढला तर १९. तेव्हा अर्ज देतानाच हे लिहून द्या, म्हणजे दुसरी फेरी आणि ५०० रुपये वाचतील.

त्याच नियमांत आणखी एक ओळ आहे जी मी पन्नास वेळा वाचली असेल, की सर्वज्ञात माहिती किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे मोजायचे नाहीत. ही ओळ वाचून माझ्या एका मैत्रिणीचा समज झाला की १४ शब्दांपर्यंत उचललं तर चालतं. तसं नाहीये हो. ते साम्य मोजण्यासाठी आहे, संदर्भ द्यायचा की नाही हे त्यावरून ठरत नाही. चार शब्दांची कोणाची तरी खास कल्पना असेल तरी नाव द्यावंच लागतं.

उरलेले १९ टक्के बघितले तर त्यातला मोठा हिस्सा सरकारी अहवाल आणि वेबसाइटवरच्या मजकुराशी जुळणारा होता. पाणलोट क्षेत्र म्हणजे काय, पूररेषा म्हणजे काय, असलं. माहिती साधीच, तिला टीप नको, पण शब्द मात्र त्यांचे होते, मी २०२० साली नोट्स काढताना जसंच्या तसं उतरवून घेतलेलं आणि नंतर ते माझंच वाटायला लागलेलं. माहिती सगळ्यांची असली तरी वाक्य कोणाचं तरी असतं. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण रिपोर्टमध्ये लाल रंगात बघताना फार लाज वाटली. आणि उलट गंमत बघा, गंगापूर धरणाचं ते आशियातलं पहिलं वालं वाक्य त्या रिपोर्टमध्ये कुठेच लाल नव्हतं, कारण मी ते माझ्या शब्दांत लिहिलं होतं. मशीन फक्त शब्द जुळतात का ते बघतं, वाक्याला आधार आहे का ते त्याला कळत नाही. रिपोर्ट १० टक्क्यांच्या आत आला म्हणून निवांत बसू नका.

ऑगस्टमध्ये मी एक वही केली, ह्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. प्रत्येक लाल खुणेचं वाक्य लिहायचं आणि समोर एकच प्रश्न, मला हे कसं माहिती? शाळेत शिकले, घरी ऐकलं, वाचलं पण कुठे ते आठवत नाही, स्वतः बघितलं, स्वतः निष्कर्ष काढला. स्वतःच्या निष्कर्षाला संदर्भ नको पण तो कशावरून काढला ते वर आलेलं हवं. आणि "वाचलं पण आठवत नाही" ह्या रकान्यात १२० च्या वर वाक्यं गेली. त्यांच्यासाठी मग टिळकपथावर सार्वजनिक वाचनालयात खेटे सुरू झाले. १८४० सालची संस्था आहे, तिथे शांत बसून काम करता येतं. नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, हाताशी ठेवा, १८८३ चं जुनं आणि १९७५ चं नवं, दोन्ही. पण एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. एका पुस्तकात गॅझेटियरचा हवाला होता, मी सरळ गॅझेटियरची टीप दिली, पुस्तक गाळून. नंतर मूळ पान उघडलं तर तिथे मजकूर वेगळाच. जे तुम्ही डोळ्यांनी बघितलं त्याचीच टीप द्यायची, दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलं असेल तर तसं लिहायचं.

ह्याच वहीतलं एक वाक्य होतं, "१९६९ च्या महापुरात भांडी बाजारातली भांडी रस्त्यावरून वाहत होती." समोर मी लिहिलं, घरी ऐकलं. माझ्या सासूबाईंचं माहेर भांडी बाजाराजवळ, पूर आला तेव्हा त्या १४ वर्षांच्या होत्या, आणि आमच्याकडे दर पावसाळ्यात ही गोष्ट निघतेच. सरांना म्हटलं हे सगळ्या जुन्या नाशिककरांना माहितीये. ते म्हणाले, "मग त्यातल्या एकाची मुलाखत घ्या आणि तारीख टाका."

१८ ऑगस्टला रविवारी दुपारी सासूबाईंना समोर बसवलं, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, ४७ मिनिटं. नेहमी सांगतात तसं सांगायला लागल्या आणि मी मध्येच विचारलं, आई, ती भांडी तुम्ही स्वतः बघितली? त्या थांबल्या. म्हणाल्या, "नाही गं, मी कुठली बघतेय, आम्हाला वरच्या माळ्यावर बसवलेलं, खिडकी पण लावलेली. ते दादाने सांगितलं. मी बघितला तो दुसऱ्या दिवशीचा चिखल, जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत." सहावी पायरी! इतक्या वर्षांत ही पायरी कधी आली नव्हती गोष्टीत. मग प्रबंधात दोन वाक्यं झाली, चिखलाच्या पायरीचं त्यांच्या डोळ्यांनी बघितलेलं म्हणून, आणि भांड्यांचं त्यांनी भावाकडून ऐकलेलं म्हणून, तळटीपेत त्यांचं नाव, तेव्हाचं वय, मुलाखतीची जागा आणि तारीख. साध्या कागदावर संमतीपत्र लिहून घेतलं, सही करताना त्यांनी दोनदा वाचलं. घरच्या माणसाचं काय संमतीपत्र असं वाटेल पण घ्याच. त्यानंतर मी आणखी अकरा जणांकडे गेले, आणि प्रत्येकाला हाच प्रश्न विचारला, तुम्ही स्वतः बघितलं का. त्या प्रश्नाने माणसं खरंच वेगळं बोलायला लागतात.

"असं म्हणतात" आणि "असं सांगितलं जातं" ह्या दोन शब्दप्रयोगांवर सरांनी सगळीकडे काट मारली होती. मी ते संदर्भाच्या जागी वापरत होते. पंचवटीतल्या नारोशंकर मंदिराची घंटा वसईच्या मोहिमेनंतर आणली असं म्हणतात. कोण म्हणतं, कधीपासून म्हणतं? आख्यायिका लिहायला हरकत नाही, पण ती आख्यायिका आहे हे स्पष्ट सांगायचं आणि ती कुठे नोंदलेली आहे त्या निदान एका छापील जागेची टीप द्यायची. नाशिक नावाची शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट मात्र नुसती "प्रसिद्ध आख्यायिका" म्हणून सोडली.

एका प्रकरणाच्या सुरुवातीला कुसुमाग्रजांच्या पुरावरच्या कवितेतल्या चार ओळी घेतल्या होत्या, कवीचं नाव खाली होतंच. मला वाटलं ह्याला काय टीप, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. इथे सर जरा कडकच बोलले, की पाठ असणं वेगळं, ओळी त्यांच्या आहेत, संग्रह, आवृत्ती, पान सगळं हवं. आणि बरं झालं, कारण छापील पानाशी ताडून बघितलं तर मी आठवणीतून लिहिलेल्या एका ओळीत शब्द पुढेमागे झाला होता.

सप्टेंबरमध्ये एक मोठा घोळ झाला. पहिली दोन प्रकरणं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, ती युनिकोडमध्ये करून घ्यायला एका टायपिंगवाल्याकडे दिली, २२०० रुपये घेतले, आणि परत आलं तेव्हा मजकूर ठीक पण तळटीपांचे आकडे सगळे साध्या आकड्यांसारखे ओळीत आलेले आणि खालच्या टीपा शेवटी एका ढिगात. १४० टीपा हाताने परत लावल्या, १६ रात्री. त्यात "कित्ता", म्हणजे वरच्याच टीपेतलं पुस्तक, असं लिहिलेल्या टीपांनी फार छळलं, मध्ये एक नवीन टीप घुसली की खालचा कित्ता भलत्याच पुस्तकाचा होतो. लिहिताना कित्ता वापरूच नका, प्रत्येक वेळी लेखक, पुस्तकाचं छोटं नाव, पान असं पूर्ण लिहा, हवं तर अगदी शेवटी बदला. आणि पहिल्या दिवसापासून युनिकोड.

२१ ऑक्टोबरला सॉफ्टवेअरची पुढची तपासणी, ७ टक्के. २० डिसेंबरला प्रीसबमिशन सेमिनार, म्हणजे प्रबंध सादर करण्याआधी समितीसमोर मांडणं, झाला, तिथे समितीतल्या एका मॅडमनी विचारलं की तिसऱ्या प्रकरणात अचानक गंगा कुठून आली, विषय तर गोदावरी आहे. मी एकदम बघतच राहिले. आम्ही नाशिककर नदीवर जातो म्हणत नाही, गंगेवर जातो म्हणतो, मुलाखतींत पण सगळे "गंगेला पाणी आलं" असंच बोललेत. मला ते इतकं अंगवळणी की खुलासा करायचं डोक्यातच नाही आलं. म्हणजे सर्वज्ञात कोणाला, तर पंचवटीतल्या लोकांना. वाचक तिथला नाही. घरी येऊन सगळा प्रबंध ह्या नजरेने परत चाळला आणि दुतोंड्या मारुतीपाशी थांबले. पावसाळ्यात आम्ही सगळे विचारतो मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, डोक्यावरून, तेच आमचं पुराचं माप. प्रबंधात तो १४ वेळा होता आणि तो कोण, कुठे आहे, हे एकदाही सांगितलेलं नव्हतं. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभी असलेली दोन तोंडांची मूर्ती, असं एक वाक्य घातलं, आणि प्रत्येक पुराच्या वेळी पाणी कुठवर होतं त्याला त्या दिवसाच्या वर्तमानपत्राची टीप लावली. २००८, २०१६, २०१९ च्या सोप्या होत्या. १९६९ च्यासाठी जुन्या फायली चाळायला चार शनिवार गेले, धुळीने सर्दी झाली ती वेगळीच, मास्क घेऊन जा.

१७ फेब्रुवारी २०२५ ला प्रबंध सादर केला. पाच प्रती, हार्ड बाइंडिंग प्रतीमागे ३८० रुपये, प्रिंटिंग धरून सगळे मिळून ६,१०० च्या आसपास. शेवटच्या मोजणीत पहिल्या प्रकरणात टीपा आधी होत्या त्यापेक्षा फक्त ८ ने वाढल्या होत्या, कारण निळ्या खुणांच्या काढल्या, काही वाक्यंच गेली, आणि नवीन आल्या.

मग सात महिने काहीच नाही. परीक्षकांचे अहवाल आले का म्हणून विचारायला तीनदा जाऊन आले, दर वेळी "एक यायचाय". २६ सप्टेंबरला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, लागली. बाहेरचे परीक्षक महाराष्ट्राबाहेरच्या विद्यापीठातले, मराठी उत्तम पण नाशिकला पहिल्यांदाच आलेले. सकाळी ते गंगेवर जाऊन आले होते हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. आणि विचारलं, "तुम्ही पन्नास वर्षं ह्या मारुतीच्या अंगावरून पाणी मोजताय. ह्या पन्नास वर्षांत नदीचा तळ तेवढाच राहिलाय का? आजूबाजूला काँक्रीट झालं, भराव झाले. १९६९ ची छाती आणि २०१९ ची छाती एकच धरायची का?"

मी सांगितलं की मी त्याला मोजमाप म्हणून वापरलेलं नाही, त्या त्या दिवशी लोकांनी आणि पेपरांनी पुराचं वर्णन कसं केलं त्याचा पुरावा म्हणून वापरलंय, म्हणूनच प्रत्येक ठिकाणी वेगळी टीप आहे, आणि दोन पुरांची तुलना मी मारुतीवरून कुठेच केलेली नाही. त्यांनी पानं उलटून तीन-चार टीपा तपासल्या. म्हणाले हे बरोबर आहे पण प्रबंधात लिहा, वाचकाला हे आपोआप कळणार नाही. डिसेंबरमध्ये त्या टीपा लावल्या नसत्या तर माझ्याकडे ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

दुरुस्तीसाठी १५ दिवस दिले. चौदाव्या दिवशी, १० ऑक्टोबरला, एक परिच्छेद घातलेलं पान १८७ परत छापून, पाचही प्रतींमध्ये बदलून, गाईडच्या सहीचं दुरुस्तीपत्र जोडून दिलं. बाइंडरने पान बदलायचे प्रतीमागे ६० रुपये घेतले. पोच घ्यायला विसरू नका, तारखेच्या शिक्क्यासह, मला नंतर ती दोनदा दाखवावी लागली.